निलगिरीची वाळलेली बाजू

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला सुतार आठवेल, पण मी आयुष्यात एकही खिळा ठोकलेला नाही. मी एक जुनी लाकडी मोगरी. अ‍ॅडलेड शहरात झाडं तपासणाऱ्या ग्वेंडा पास्कोच्या पिशवीत माझं आयुष्य गेलं. वादळात पडलेल्या एका फांदीतून तिच्या वडिलांनी मला घडवलं. ग्वेंडा मला बुंध्यावर हलकेच आपटते आणि आतून येणारा आवाज ऐकते. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड ढोलासारखं घुमतं.

आम्हाला कोणी झाडाच्या प्रेमापोटी बोलावत नाही. कोणाला तरी घर बांधायचं असतं, मध्ये झाड येतं, आणि झाडाचा अहवाल जोडल्याशिवाय नगरपालिका अर्जाकडे बघत नाही. त्यामुळे हसून दार उघडणाऱ्या माणसाचा मला आधी संशय येतो. बुंध्यात गुपचूप भोकं पाडून विष भरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनीही आम्हाला चहा पाजला होता.

मानोस कालिस हसूनच भेटला. त्याची म्हातारी आई दिमित्रा ओढ्याकाठच्या घरात एकटी राहायची आणि तो दूर पश्चिमेला खाणीत नोकरी करायचा. परत येऊन आईच्या परसात दोन खोल्यांचं घर बांधावं, असं त्याच्या मनात होतं. पण परसाच्या टोकाला निलगिरीचं भलंमोठं झाड उभं होतं. ग्वेंडाने मला बुंध्याभोवती फिरवलं. झाड ठणठणीत होतं. मग तिने पांढऱ्या रंगाने जमिनीवर मोठं वर्तुळ काढलं. त्याच्या आत मुळं असतात, तिथे खणायचं नाही. नेमकं घर त्याच वर्तुळात येत होतं.

"आणि झाड आपलं आपणच मेलं तर?" मानोसने विचारलं.

"निरोगी झाडं आपली आपण मरत नाहीत," ग्वेंडा म्हणाली.

अर्ज नामंजूर झाला आणि मानोस खाणीवर परत गेला. त्याचं ते वाक्य मात्र मी मनात धरून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचाच फोन आला. सुट्टीवर घरी आलोय, झाडाची एक बाजू वाळलीय, येऊन बघा. ग्वेंडा गाडीत माझ्याशी बोलावं तशी पुटपुटली, "वाळली म्हणे. बघू या."

घराकडच्या निम्म्या फांद्या करपल्या होत्या. ग्वेंडा गुडघ्यावर बसून बुंध्याचा तळ बोटांनी चाचपत होती.

"काय शोधताय?" मानोसने विचारलं.

"भोकं."

त्याचा चेहरा उतरला. "मी इथे होतोच कुठे?"

"माणूस इथे नसला तरी त्याचे मित्र असतात."

"बाई, माझे मित्र झोपेतून उठत नाहीत, ते विष काय घालणार?"

ग्वेंडा हसली नाही. तिने मला सगळीकडून वाजवलं. आवाज भरीव होता, भोक एकही नव्हतं. तरी माझा संशय जाईना. मग तिला मुळांपाशी जमिनीवर पांढुरकी खपली दिसली. तिथलं गवत जळालं होतं. तिने चिमूटभर माती उचलून जिभेला लावली आणि थुंकली.

"मीठ," ती म्हणाली.

मानोस मागच्या दाराकडे बघत होता. तिथे ऑलिव्हचं झाड होतं, त्याच्या वडिलांनी लावलेलं. त्याच्या सावलीत निळी पिंपं पालथी घातलेली होती. दिमित्रा दरवर्षी त्या फळांचं लोणचं घालायची आणि त्यांचं खारं पाणी पुन्हापुन्हा बदलायची. तेवढ्यात तीच कॉफीचं तबक घेऊन बाहेर आली.

"आई, ऑलिव्हचं पाणी कुठे टाकतेस?"

"पाणी आहे. जाईल कुठेतरी."

"आधी मोरीत टाकायचीस."

"मोरी लांब पडते रे. पाठ दुखते."

मोरी दाराला लागून होती. निलगिरी परसाच्या पार टोकाला होती. भरलेली बादली तिथवर ओढत नेणारी ती पाठ मी नीट पाहून घेतली. आम्ही भलत्याच माणसाकडे डोळे लावून बसलो होतो.

दिमित्राने तबक पायरीवर ठेवलं. "त्या झाडामुळे तू परत गेलास," ती म्हणाली. "झाडाला म्हटलं, तू पुष्कळ जगलंस. आता माझ्या पोराला जागा दे."

मानोस ग्वेंडाकडे वळला. "मी टाकलं असं लिहा."

"तुम्ही इथे नव्हतात. आत्ताच सांगितलंत." तिने कॉफी घेतली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "मगाशी जे बोलले, ते चुकलं माझं."

तिने अहवालात खरं तेच लिहिलं. नगरपालिकेने सक्त ताकीद दिली. मानोसने खाण सोडली आणि उन्हाळाभर मुळांत गोडं पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढलं. करपलेल्या फांद्यांपैकी काहींना पालवी आली, काही तशाच राहिल्या. घरासाठी एकच जागा उरली, मागच्या दारापाशी. तिथे ऑलिव्ह होतं. त्याला कुठल्याच कायद्याचं संरक्षण नव्हतं.

"तोडा," दिमित्रा म्हणाली, आणि आत गेली.

करवत यायच्या आधी ग्वेंडाने मला त्या बुंध्यावर एकदाच वाजवलं. मी खणखणीत भरीव आवाज दिला. तो ऐकून काही बदलणार नव्हतं.

आता ग्वेंडाकडे झाडाच्या पोटातलं चित्र काढणारं यंत्र आहे. मी गाडीच्या मागच्या कप्प्यात पडून असते, माझ्या दांड्याला तडा गेलाय. संशय घ्यायची सवय मात्र सुटलेली नाही, आणि सोडायचीही नाही. मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडाच्या मुळाशी कोण काय ओततं, त्यावर तुम्हीही डोळा ठेवा. आणि ओतणारा हात ओळखीचा निघाला, तर त्याच्याजवळ घटकाभर बसा. तो कोणाची वाट पाहतोय, ते विचारा.