पहिला आवाज माझा

मी कॅमेरा बोलतोय. फोनमधला नव्हे हो, दोन्ही हातांनी धरावा लागतो तो, चांगला धिप्पाड! लेन्सच्या जागी काळं झाकण लावून स्टुडिओच्या काउंटरवर बसलोय खरा, पण मला निवृत्त समजू नका.

बाईंनी मला खोक्यातून काढलं तेव्हा काय रुबाब होता माझा! पट्टा त्यांनी गळ्यात अडकवला आणि तेव्हापासून मी त्यांच्या छातीशीच राहिलो. बाई लहान मुलांचे फोटो काढतात. मूल रांगलं की बाई रांगणार, ते सोफ्यामागे लपलं की बाईही तिकडेच. मला स्टँडवर बसवून असलं काम होतं थोडंच!

माणसांची एक गंमत आहे. एरवी खिदळणारी पोरं फोटो म्हटलं की एरंडेल प्यायल्यासारखी तोंडं करतात. मोठ्यांचं तर विचारूच नका. बाईंनी त्यावर युक्ती काढली होती. आधी मला जोरात वाजवायच्या, खटाक! मग म्हणायच्या, "झालं बरं का! सुटलात!" समोरचा श्वास सोडायचा, आईकडे बघून हसायचा, आणि तेवढ्यात माझं दुसरं खटाक. घराघरांतल्या भिंतींवर लागलाय तो हा दुसरा फोटो.

मग बाई जिन्यात पडल्या. मनगटाचं हाड जुळलं, पण हातात पूर्वीचं बळ आलं नाही. मला उचललं की हात थरथरायचा. एका बाळाचे सगळे फोटो हललेले निघाले. ते बघून बाईंचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. त्यांना जड झालो होतो तो मीच.

"आता पुरे," त्यांचे यजमान म्हणाले. "स्टुडिओ बंद कर. आराम कर जरा."

"घरी बसून मी काय करू? वेड लागेल मला," बाई म्हणाल्या.

यजमानांच्या मनात ते घोळत असणार, कारण थोड्याच दिवसांनी ते फोन नाचवत आले. "अगं, हे बघ! नवशिक्यांसाठी नवा कॅमेरा येतोय. अगदी हलका!" खात्री करायला त्यांनी मला उचलून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. कांदे-बटाट्यांच्या जागी मी!

"अहो, कॅमेरा बघताय की सून?" बाई हसल्या.

"सुनेची एवढी चौकशी कुणी करू देईल का!"

मग चर्चा रंगली. नव्याचे फोटो थेट फोनवर जातात, आपली लेन्स त्याला बसते, आवाजही हळू. पण अंग सगळं प्लास्टिकचं, बटणं मोजकीच. "आणि नवशिक्यांसाठी म्हणे!" बाई फणकारल्या. "इतकी वर्षं काम करून मी आता नवशिकी?"

अस्सं! मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. बाईंनी ऐटीत मला काट्यावरून उचललं, आणि दुसऱ्याच क्षणी मनगट धरून खुर्चीत बसल्या. माझी ऐट तिथेच उतरली. घ्या बाई, म्हटलं, तो नवा घ्याच. माझा रुसवा तुमच्या हातापेक्षा मोठा नाही.

नवा आला. माझी लेन्स त्याला लावली, मला झाकण. पहिलंच गिऱ्हाईक एक चिमुरडी, ताठ बसलेली. बाईंच्या हातात नवा हळूच म्हणाला, टुक.

"झालं बरं का!"

"कुठे झालं? वाजलंच नाही!" ती आणखीच ताठ.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा टुक. पोरगी श्वास रोखून तशीच ताठ. बाईंना घाम फुटला. हात हलका झाला, पण हातखंडा गेला की काय? त्यांचे डोळे भरायला लागलेले यजमानांनी पाहिले. ते मला पुसून कपाटात ठेवायला निघाले होते. काय सुचलं कोण जाणे, त्यांनी माझं बटण दाबलं.

खटाक!

"झालं!" पोरगी स्वतःच ओरडली आणि खुदकन हसली. टुक.

आता माझी बॅटरी यजमान चार्ज करतात. स्टुडिओ बंद करायला निघालेला माणूस रोज बाईंच्या आधी येऊन दार उघडतो आणि मला घेऊन त्यांच्या शेजारी उभा राहतो. मला दिसत काहीच नाही. पण खटाक झालं की समोरून सुटलेला श्वास ऐकू येतो, मागोमाग बाईंचं "वा!"

तुम्ही कधी फोटो काढायला आलात, तर एवढंच करा. माझा आवाज ऐकून खुशाल फसा.