तीन चाकांचं तेल

पितांबरआबांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, उकिडवे बसले आणि मोटारीच्या मागच्या चाकावरची चकचकीत थाळी उलथन्याच्या टोकानं उचकटली. थाळी टण्णकन फरशीवर पडली. आबा दचकून मुक्कामाच्या घराकडे बघत राहिले. आत कुणी जागं झालं नाही. मग त्यांनी चाकाच्या पोटातलं ते भोक चाचपडून शोधलं, बाटलीचं बूच दातानं काढलं आणि एरंडेलाची जाड धार हळूहळू आत सोडली.

"पी बाबा," ते चाकाला म्हणाले. "पी. तुलेबी जीव शे."

माघातली पहाट होती, पिंपळनेरची थंडी हाडात शिरत होती, आणि बाटलीतलं तेल मधासारखं घट्ट झालं होतं. तेल तसं आबांच्या गुडघ्यांचं. वणीच्या देवीला नातवाचं जावळ द्यायला मंडळी तापीकाठच्या प्रकाशा गावाहून निघाली, तेव्हा सुनेनं आठवणीनं पिशवीत घातलेलं. पण गुडघे काय, आज नाही तर उद्या चोळता येतील. चाकांचं तसं नसतं.

काल दिवसभर ही मोटार थांबताना कुईकुई करत होती. चाळीस वर्षं कापसाची गाडी हाकलेल्या माणसाला तो आवाज ऐकवेना. चाक रडतं म्हणजे आस कोरडा, आणि कोरड्या आसाची गाडी घेऊन परगावी जाणं म्हणजे फाटकं धोतर नेसून लग्नाला जाणं. वंगण घातल्याशिवाय आबांनी जन्मात कधी गावची शीव ओलांडली नव्हती. पण आता बैलही गेले आणि गाडीही गेली. केळीचे दोन हंगाम बरे गेले तसा रतिलालनं, त्यांच्या लेकानं, ही जुनी मोटार आणली आणि तिच्याबरोबर नंदुरबारचा जब्बार ड्रायव्हरही आणला.

जब्बार माणूस वाईट नव्हता, पण त्याचा तोरा फार. निघण्याआधी रोज अर्धा तास गाडीभोवती घुटमळणार. पाणी बघ, आईल बघ, टायरवर लाकडी दांडका मारून हवेचा आवाज ऐक. आणि वर सगळ्यांना ताकीद, "मन्ही गाडीले कोनी हात लावानं नही." मन्ही गाडी म्हणे! गाडी कुणाची आणि बोलतो कोण! निघायच्या दिवशी आबांनी त्याला नीट पाहिलं होतं. त्यानं चाकाची थाळी काढली, भोकात पेचकस घालून काहीतरी पिळलं आणि थेंबभर तेल न टाकता थाळी परत बसवली. तेलाचं भोक उघडून तेल घालायचं विसरणारा माणूस आबांनी पहिल्यांदाच बघितला. तरी ते तेव्हा बोलले नाहीत.

आता तीन चाकं झाली. चौथ्याच्या, पुढच्या डाव्या चाकाच्या वाट्याला मात्र तेल उरलं नाही. राहू दे, त्याचं नवापूरला बघू. तिथं चहा घेताना जब्बारला विचारायचं, काय रे, आज गाडी रडली का? त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं! आबांना मनातल्या मनात हसू फुटलं. घरात जब्बारच्या खोकण्याचा आवाज आला तशी त्यांनी रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि ते शेकोटीला जाऊन बसले.

उजाडल्यावर मंडळी परतीच्या वाटेला लागली. पुढे जब्बारशेजारी रतिलाल बसला. मागे सून शांतीबाई मांडीवर पोर घेऊन, आणि तिच्या शेजारी, बरोबर जब्बारच्या पाठीमागे, आबा. पोराचं डोकं तुळतुळीत झालेलं, त्याच्यावर लोकरीची टोपी. रस्ता सपाट आणि मोकळा होता. थांबायचं कारण कमीच पडलं आणि एकदोनदा पडलं तेव्हा चाक कुईसुद्धा म्हणालं नाही. आबांनी समाधानानं डोळे मिटले.

चरणमाळ घाटाच्या माथ्यावर जब्बारनं नेहमीप्रमाणे गाडी उभी केली. उतरून टायर ठोकले, परत बसून ब्रेक तीनदा दाबून बघितला. पायाखाली ब्रेक घट्ट लागला.

"उतारले इंजन बंद करी टाक ना," रतिलाल म्हणाला. "तेवढंच पेट्रोल वाचई."

"नही भाऊ. ज्या गेरमा घाट चढस, त्याच गेरमा उतरस. उतारवर इंजन बंद करनारा घर पोचत नही."

"तू ना, भलताच भित्रा शे," रतिलाल हसला.

जब्बार हसला नाही. त्यानं गाडी दुसऱ्या गेरमध्ये घातली आणि उतार सुरू झाला. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कापलेला डोंगर. खाली सागाच्या पानगळीचं करडं रान पसरलेलं.

पहिलं वळण आलं. जब्बारनं ब्रेक दाबला आणि गाडीनं नाक किंचित डावीकडे, दरीकडे वळवलं. त्यानं हातातलं स्टिअरिंगचं चाक उजवीकडे ओढून तिला सावरलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, पण आबांनी त्याच्या मानेची शीर ताठ झालेली पाहिली.

दुसऱ्या वळणाला गाडी आणखी जोरात डावीकडे ओढली गेली. आणि त्याच वेळी तो वास आला. जळक्या एरंडेलाचा, घशात बसणारा, जड वास.

गाडीची एक बाजू अडली आणि दुसरी चालत राहिली की काय होतं, हे आबांना कुणी शिकवायला नको होतं. एक बैल थांबतो, दुसरा चालतो आणि गाडी गर्रकन फिरते. तीन चाकांना तेल होतं. कोरडं होतं ते एकच, पुढचं डावं. ते भोक तेलाचं नव्हतं, ब्रेकचं होतं! काल जे कुईकुई करत होतं तेच गाडीला धरून ठेवत होतं, आणि आपण त्याच्याच तोंडात तेल ओतलं.

आता बोलायला हवं होतं. पुढे लेक बसलेला, शेजारी सून. सगळा गाव ज्याला गाडीवान म्हणून ओळखतो त्या पितांबरनं सांगायचं, की गाडीत मीच विष घातलं? रतिलाल काय म्हणेल? म्हाताऱ्याला आता घरी ठेवा, म्हणेल. कदाचित गाडी सरळ पुढे जाईल. कदाचित ब्रेक धरेल. आबांनी देवीचं नाव घेतलं आणि ते गप्प बसले.

"कसाना वास शे हाऊ?" शांतीबाईनं पदर नाकाला लावला.

जब्बारनं एकदा समोरच्या आरशातून मागे पाहिलं आणि नजर परत रस्त्याकडे नेली.

तिसरं वळण उलटं होतं, दरीच्या कडेनं डोंगराकडे वळणारं. उतार एकदम तीव्र झाला, गाडीला वेग चढला. जब्बारनं पाय दाबला. मागून पांढरा धूर निघाला, मोटार थांबायची ती थांबलीच नाही, उलट मेलेल्या जनावरासारखी डावीकडे पडायला लागली. कडेचा दगड डाव्या चाकाखाली आला, गाडी एका अंगावर उचलली गेली आणि शांतीबाईनं पोराला छातीशी दाबून किंकाळी फोडली. रतिलालनं हँडब्रेक खसकन वर ओढला. काही झालं नाही.

"जब्बार, पाय काढ!" आबा ओरडले. आवाज आपलाच आहे हे त्यांना ओळखू येईना. "ब्रेक धरू नको! तीन चाकेसमा तेल शे, मी टाकं! फक्त पुढलं डावं कोरडं शे, ते तुले दरीमा ओढी ऱ्हायनं!"

जब्बारनं पाय काढला. एक प्रश्न नाही, मागे वळून बघणं नाही. दोन्ही हातांनी त्यानं चाक उजवीकडे पिळलं, क्लच दाबला, इंजिन रेटलं, परत क्लच दाबला आणि गेरचा दांडा सगळ्या ताकदीनं पहिल्यात ढकलला. आतून खरखर असा आवाज आला. रतिलालला वाटलं, दांडाच हातात येईल. मग गेरचे दात बसले, इंजिन बोंबललं आणि सगळे पुढे फेकले गेले. वेग थोडा कमी झाला, पण गाडी अजून चालतच होती. जब्बारनं तिला उजवीकडे घेतलं, डोंगराच्या अंगाला घासवलं. पत्रा करकरला, दाराची मूठ तुटून पडली. पुढं रस्त्याच्या कामासाठी टाकलेला खडीचा ढीग होता. त्यानं गाडीचं तोंड सरळ त्या ढिगात घातलं.

खडी काचेवर उडाली आणि गाडी थांबली.

काही वेळ नुसतं पोर रडत होतं. शांतीबाईनं त्याची टोपी काढली, डोकं चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले आणि मग तिलाच हुंदका फुटला. सगळे धडधाकट होते. रतिलालच्या कपाळाला एक टेंगूळ आलं होतं, तेवढंच.

आबा खाली उतरले. आता लेक बोलेल, आता जब्बार बोलेल, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. एखाद्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण रतिलालनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, आबा. बैलगाडीवाला मानूस तुम्ही. तुम्हले काय ठाऊक?"

"आबांनी सांगं म्हनीसन वाचनूत आपन," शांतीबाई डोळे पुसत म्हणाली. "नही ते आज काही खरं नव्हतं. देवीनीच तुम्हना तोंडे बोलाडं, आबा."

आबांना वाटलं, भुईनं पोटात घ्यावं. वाचवलं म्हणे! सुनेनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. तिला वाटलं, थकले असतील.

जब्बारनं बाही वर केली आणि चाकामागे दगड लावले. "बिडी कोनी ओढानी नही," एवढंच तो म्हणाला. जॅक लावून त्यानं एकेक चाक काढलं, वरचा लोखंडी डबा ठोकून बाहेर काढला. आतल्या पट्ट्या तेलानं काळ्या, चिकट झाल्या होत्या. गाडीत ठेवलेल्या कॅनमधलं थोडं पेट्रोल घेऊन तो त्या पुसायला बसला. आबा शेजारी बसले आणि त्यांनी हात पुढे केला. जब्बारनं त्यांना एक फडकं दिलं. दोघं पुसत राहिले. पुसून झाल्यावर जब्बारनं कानशीनं पट्ट्या खरवडल्या, परत पुसल्या. ऊन वर आलं, तरी दोघांत शब्द झाला नाही. लांबून रतिलालला ते गुण्यागोविंदानं काम करताना दिसत असतील.

शेवटचं चाक बसवून जब्बार उठला.

"पुरं तेल जानार नही, भाऊ," तो रतिलालला म्हणाला. "पट्ट्या नव्या लागतीन. पहिला गेरमा, बैलना चालनं खाली उतरी जाई. पन गाडीमा कोनी नको. तुम्ही सम्दा पायी चला. मी मांगेथून एकटा लई येस."

ते बरोबरच होतं. रतिलालनं पोर कडेवर घेतलं, शांतीबाईनं बोचकं घेतलं आणि दोघं उतार चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर रतिलालनं मागे पाहिलं. आबा गाडीचं पुढचं डावं दार उघडून आत बसत होते.

"आबा! उतरा खाली!"

"तू व्हय पुढे," आबा ओरडले. "पोऱ्याले सांभाळ."

रतिलाल थोडा वेळ उभा राहिला, मग चालायला लागला. म्हाताऱ्यापुढं त्याचं कधी चाललं नव्हतं.

जब्बार स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्यानं आबांना उतरा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही. रतिलाल आणि शांतीबाई वळणाआड गेली तेव्हा आबांनी हाक मारली.

"जब्बार."

"हां, आबा."

"माले दुसरा वळनलेच समजनं व्हतं." आबांचे डोळे समोरच्या खडीवर होते. "वास वना तव्हयच. तरी मी बोलनू नही. तिसरा वळन लगून गप बठनू. लाज वाटनी माले. पोऱ्या मांडीवर व्हता सुनना, आन माले लाज वाटनी. ती पाया पडनी मन्ह्या."

जब्बारचा हात किल्लीकडे गेला होता, तो तिथंच थांबला. घाटात वारा सुटला होता. खाली कुठंतरी रानात कुऱ्हाडीचा ठोका पडत होता.

"वास मालेबी वना व्हता, आबा," तो म्हणाला.

आबांनी मान वळवली.

"त्याच वळनले. एरंडेलना वास मी वळखस. ब्रेक घट्ट लागी ऱ्हायना, तरी धरी नही ऱ्हायना, म्हन्जे तेल गयं. कोनी टाकं, तेबी समजनं. आरसामा तुम्हनं तोंड दखं मी."

"मंग इचारं काब्र नही रे?"

जब्बारनं खांदे उडवले. मग त्याचा चेहरा कसनुसा झाला. "मालकना बापले कसं इचारानं?"

आबांनी समोर पाहिलं. वळणाच्या पलीकडं, खालच्या रस्त्यावर, शांतीबाईचं हिरवं लुगडं दिसायला लागलं होतं. रतिलालच्या खांद्यावरून पोराचं उघडं, गोटा केलेलं डोकं इकडे तिकडे हलत होतं.

"आते इचारत जाय," आबा म्हणाले. "काहीबी ऱ्हाऊ दे. मी मालकना बाप ऱ्हावो का कोनी. इचार. बोल."

"बोलसू."

जब्बारनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यानं गाडी मागे घेऊन खडीतून बाहेर काढली, रस्त्याला लावली, पहिला गेर घातला आणि क्लचवरचा पाय न काढता थांबला.

"आबा."

"काय रे?"

"तुम्हनं दार नीट लागनं नही. पुरं उघडा आन जोरमा लावा."

आबांनी दार पुरं उघडलं आणि जोरात लावलं.