सात ओळी आणि एक पुसलेली

मी एक यादी बोलतेय. खरं तर मी बोलायचंच नव्हतं. सिद्धेश्वरीनं मला चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवताना बजावलं होतं, "कुणापुढं तोंड उघडायचं नाही." पण कागदाची घडी उघडली की तोंडही उघडतं, त्याला मी काय करू?

माझा जन्म विज्ञानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर झाला. सिद्धी दहावीत आहे. वर्गात तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकू येतो, तोही दुसऱ्यांदा नाव घेतल्यावर. तिच्या अप्पांचा, महादेवप्पांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचा कारखाना आहे. तिथला कॉम्प्युटर इतका म्हातारा झालाय, की चादरीवरचा मोर पडद्यावर उमटेपर्यंत चहा येतो, पिऊन होतो, आणि मोराची नुसती मान आलेली असते.

शेवटी अप्पा म्हणाले, "नवीन घेऊ, घरीच ठेवू. सिद्धे, तुला कळतंय त्यातलं, यादी कर. लई भारी नको, लई हलकंबी नको. आपल्या मधल्या टॉवेलसारखं."

सिद्धीनं पेन्सिलनं पहिली ओळ लिहिली, 'गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर'. मग स्वतःच दचकली, ती ओळ खोडरबरानं घासून पुसली, आणि तिच्या वर पेननं लिहिलं, 'चादरींच्या डिझाइनसाठी कॉम्प्युटर'. गेम हा शब्द ऐकला की अप्पांना दहावी आठवते. सहामाहीच्या निकालानंतर तिचा मोबाइल कपाटात गेला, तो अजून बाहेर आलेला नाही. ही ओळ अप्पांना दिसली असती, तर कॉम्प्युटरही कारखान्यातच गेला असता.

पुढचे पंधरा दिवस माझे फार हाल झाले. प्रोसेसर भारी घेतला की रॅम निम्मी व्हायची. रॅम वाढवली की ग्राफिक्स कार्ड घसरायचं. आखूड चादरीसारखं, डोकं झाकलं की पाय उघडे! रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी साधं काळं कॅबिनेट राहिलं. गेममधल्या चित्रांचा सगळा भार कार्डावर असतो, म्हणून ती ओळ मात्र तिनं सगळ्यात वळणदार अक्षरात लिहिली.

आज आम्ही तिघं दुकानात आलो. मी काउंटरवर, अप्पा खुर्चीत, आणि सिद्धी खुर्चीच्या मागं.

अप्पांची एक सवय आहे. टॉवेल असो की कलिंगड, हातावर तोलल्याशिवाय घ्यायचं नाही. पॉवर सप्लायचे दोन डबे त्यांनी तोलले आणि जड तो निवडला. गंमत म्हणजे माझ्यातही तोच लिहिलेला होता. झालं, आपल्याला कॉम्प्युटर कळायला लागला असं अप्पांना वाटलं.

मग आली कार्डाची पाळी. दुकानदार मल्लिनाथ यांनी यादीतलं दोन पंख्यांचं कार्ड काढलं, आणि शेजारी तीन पंख्यांचं एक धूड आणून ठेवलं. बरीच वर्षं कपाटात बसून असावं ते. अप्पांनी दोन्ही तोलली.

"केवढं वजन हाय बघा की! हेच द्या."

"मालकांना माल बरोबर कळतोय," मल्लिनाथ लगेच डबा पुसायला लागले.

सिद्धीचे कान लाल झाले. ते धूड जुन्या सालचं होतं. वीज खाणार, तापणार, आणि गेम अडखळवणार. पण बोलावं, तर अप्पा विचारणार, तुला एवढं कसं ठाऊक? बोल की गं, मी मनात म्हणाले. माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतं, तिला कुठं येतंय!

"अप्पा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ऐकू आलं. "खळ घातलेला टॉवेलबी वजनदार लागतोय की."

अप्पांचा हात थांबला. खळीनं जड केलेले आणि पहिल्याच धुण्यात पोतेरं होणारे टॉवेल त्यांनी जन्मभर ओळखून परत धाडलेत. त्यांनी ते धूड खाली ठेवलं.

"काय मल्लिनाथ, आमालाच खळ व्हय?"

"न्हाय हो मालक! नुसतं दाखवलं."

"यादी बघू," अप्पा म्हणाले, आणि कापडाची वीण बघावी तसं त्यांनी मला ट्यूबलाइटसमोर धरलं. संपलं! माझ्या अंगातून उजेड आरपार गेला, आणि पुसलेली ओळ वर आली.

"गेम... खेळण्यासाठी," अप्पांनी सावकाश वाचलं. मग सिद्धीकडं वळून विचारलं, "डिझाइनला ह्यातलं काय लागतंय?"

"रॅम लागते, प्रोसेसर लागतो," ती म्हणाली. मग दोन पंख्यांच्या डब्याकडं बोट केलं. "कार्ड गेमला."

अप्पांनी मला खाली ठेवलं. दोन पंख्यांचं कार्ड पुन्हा तोललं. "हलकं हाय," ते म्हणाले, "पण वीण चांगली दिसती. परीक्षेपर्यंत मोर. मग खेळ."

आता माझ्या सातही ओळींपुढं खुणा पडतील, आणि मी बिलाबरोबर कुठंतरी तारेत टोचली जाईन. जाता जाता एकच विनवणी करते. घरातल्या पोरीनं केलेली यादी हातात आली, तर एकदा उजेडासमोर धरून बघा. लिहिलेलं तर तिला हवं असतंच, पण पुसलेलं म्हणजे तिचं खरं—

"सिद्धे, आण ती यादी हिकडं! खेळायचं ते रिमोट असतंय की, ते लिही त्यात. दोन लिही!"