दोर टेकला का?

चष्म्याचं आणि माझं कधी पटलं नाही. कड्यावर चढताना तो घामाने घसरतो, श्वासाच्या वाफेने आंधळा होतो. मागच्या मोसमात एक दरीला अर्पण करून झाला. मग लेन्स घेतल्या. वाऱ्याबरोबर बारीक माती डोळ्यात गेली की पापणीखाली मिठाचा खडा ठेवल्यासारखं होतं. एकदा तर अर्ध्या कड्यावर डावी लेन्स उडाली आणि खाली माना वर करून उभ्या असलेल्या आठ शिकाऊ मंडळींसमोर मी एका डोळ्याने उतरले. म्हटलं, लेझरच करून टाकू, एकदाची कटकट मिटेल. कड्यावरच्या प्रशिक्षकाच्या परवान्यासाठी दर वर्षी होणारी नजरेची तपासणी महिन्यावर आली होती. आणि लोकांना दोरावरून चढवणं-उतरवणं सोडून मला दुसरं काही येत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ घेतला, मग पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला.

"लेझर नाही करता येणार. बुबुळावरचा पडदा मुळात पातळ आहे आणि फुगत चाललाय. लेझर म्हणजे तो आणखी तासायचा."

"मग चष्मा?"

"आता चष्म्यानेही स्वच्छ दिसणार नाही. कडक लेन्सने दिसेल, पण तुमच्या त्या धुळीत नाही. आहे ती नजर टिकवायचा उपचार मात्र लगेच करू या. घरात आणखी कुणाला होतं हे?"

"कुणालाच नाही," मी ठसक्यात म्हणाले. "माझे बाबा साठीपर्यंत कड्यावर होते."

"त्यांचे डोळे कधी असे तपासले होते?"

बाबा माझ्या कमरेच्या हार्नेसची गाठ कधी बघायचे नाहीत. मान दुसरीकडे वळवून चाचपायचे. "गाठ बोटांनी वाचायची," म्हणायचे. त्यांची ही पद्धत मी सगळ्या शिकाऊंना मोठ्या तोऱ्यात शिकवत आले होते.

दवाखान्यातून थेट काकांकडे गेले. काका म्हणजे सख्खे नव्हेत, बाबांचे दोरावरचे जोडीदार. सहा वर्षांपूर्वी बाबा उतरताना दोर संपला, ते खाली कोसळले आणि गेले. तो आखूड दोर काकांनी सोडला, असं सगळे म्हणाले. मी तर चार लोकांत त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून ते कडा सोडून सॅक आणि बूट दुरुस्त करतात, आणि मी त्यांच्या गल्लीतून जात नाही.

ते सॅकचा पट्टा शिवत बसले होते. लहानपणी ते शिवायला बसले की सुईत दोरा ओवायचं काम माझं असायचं.

"बाबांना दिसत नव्हतं ना?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

त्यांची सुई थांबली.

"तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या डोळ्यांनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. "तपासणीला आधी मी आत जायचो," ते म्हणाले. "बाहेर येऊन तक्त्यावरच्या ओळी त्याला सांगायचो. तो पाठ करायचा. बोटांना हातातली गाठ कळते गं, पण दोराचं टोक जमिनीला पोचलंय का, ते डोळ्यांनाच दिसतं. तो वरून विचारायचा, 'दोर टेकला का?' मी खालून ओरडायचो, 'टेकला!' त्या दिवशी एका बाईच्या पायात गोळा आला, म्हणून मी दोन मिनिटं बाजूला गेलो. दोर त्यानेच सोडला होता. चुकून आखूड घेतला, आणि 'टेकला नाही' म्हणायला खाली मी नव्हतो."

"आणि तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत?"

"खरं सांगितलं असतं, तर आंधळा माणूस लोकांना कडा उतरवत होता, असं झालं असतं. तुझ्या बाबांचं नाव गेलं असतं."

मला रडू फुटलं. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. माफी मागायची होती. तोंडातून भलतंच आलं.

"काका, पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. आधी तुम्ही आत जाल?"

"नाही."

"फक्त या वर्षी."

"तोही दर वर्षी हेच म्हणायचा."

पट्टा अर्धाच शिवून झाला होता आणि सुईतला दोरा संपला होता. काकांनी रिळाचा नवा दोरा तोडला. जुन्या सवयीने मी सुईसाठी हात पुढे केला.

त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही.