ओल्या गोणपाटाखालचे कंद

सकाळी सातच्या सुमाराला चुडामण पाटलांनी पडवीतले ओले गोणपाट उचलले आणि खालच्या केळीच्या कंदांवर त्यांना पांढरा कापूस दिसला.

त्यांनी फुंकर मारली. कापूस उडाला नाही. नखाने खरवडून अंगठ्याखाली चिरडला, तर अंगठा कुंकवात बुडवल्यासारखा लालभडक झाला. तो लाल रंग चुडामणांना चांगला ठाऊक होता. वैशाखापासून ते तोच रंग गावोगाव वाटत फिरले होते. पण निवडुंगावर. केळीवर नाही.

याच ढिगातले निम्मे कंद पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी लेकीच्या सासरी पाठवले होते.

साल एकोणीसशे छत्तीस, महिना जुलै. रावेर तालुक्यात सुकी नदीच्या काठी खडकाळे नावाचे हे गाव. फड्या निवडुंगाने ते पार गिळून टाकले होते. चुडामणांच्या आज्याने म्हणे तो कुठूनसा आणून मळ्याच्या बांधाला लावला, डुकरे आत येऊ नयेत म्हणून. पुढे तो बांधावरून गुरचरणात आला, गुरचरणातून स्मशानवाटेवर. प्रेत न्यायचे तर आधी माणसे कोयते घेऊन पुढे जायची. दर पोळ्याच्या आधी अख्खे गाव निवडुंग तोडायला निघे. बैल वाजतगाजत वेशीतून न्यायचे, तेव्हा त्यांच्या अंगाला काटा लागता कामा नये, अशी रीत. तोडलेले फडे सुकीच्या पुरात ढकलून द्यायचे. या कामाचे पुढारपण चुडामणांच्या घराण्याकडे होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तो अभिमान शेतकी खात्याच्या खांबेटे साहेबांनी फाल्गुनात एका प्रश्नाने उतरवला.

"पाटील, पुरात टाकलेला फडा जातो कुठे?"

"जातो साहेब. खाली."

"खाली कुठे?"

चुडामणांनी नदीच्या खालच्या अंगाला पाहिले. जिथे जिथे नदी वळत होती, तिथे तिथे काठावर निवडुंगाचे हिरवे ढीग होते.

"फड्याचा एक तुकडा ओल्या मातीला टेकला की मूळ धरतो," खांबेटे म्हणाले. "खालच्या गावांना तुम्ही दर पोळ्याला बेणं पाठवत आलात."

खांबेटे जळगावहून आले होते. तरणे, उन्हाने करपलेले, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेले. त्यांच्या टोपलीत पांढरे ठिपके पडलेले चार फडे होते. हे फडे गावच्या निवडुंगाला बांधा आणि गंमत बघा, एवढेच ते म्हणाले. चैत्रात ठिपक्यांचा कापूस झाला, उन्हाळ्याच्या वाऱ्याने तो पसरला, आणि वैशाखात निवडुंग उकडलेल्या भाजीसारखा खाली बसू लागला. पन्नास वर्षे जो कोयत्याने हटला नाही, तो तिळाएवढ्या किड्याने आडवा केला. शेजारची गावे गाड्या जुंपून आली. चुडामणांनी स्वतः गाडी काढली. किडलेले फडे भरायचे, वर ओले गोणपाट टाकायचे, म्हणजे वाटेत उन्हाने किडा मरत नाही. गावोगाव त्यांना चहा मिळाला, एका गावाने तर नारळ दिला.

"हा फक्त फड्यावर जगतो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही," असे खांबेट्यांनी सांगितले होते. "तरी प्रत्येक खेपेनंतर गाडी धुवा आणि गोणपाट जाळा. आपण एक वस्तू नेतो तेव्हा तिच्या अंगाखांद्यावर काय बसून जातं, ते आपल्याला दिसत नसतं."

चुडामणांनी गाडी धुतली. गोणपाट मात्र जाड, नवे होते. ते कोण जाळणार? त्यांनी ते झटकून ठेवले. पाऊस लांबला म्हणून ज्येष्ठाच्या अखेरीस फड्यांची शेवटची खेप गेली. लगेच मृगबागेच्या, म्हणजे पावसाळी केळीच्या, लागवडीसाठी कंद खणले गेले, आणि कंद ओलसर राहावेत म्हणून त्यांच्यावर तेच गोणपाट पडले. उरलेले कंद नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला पडवीत ठेवले होते.

"झिपरू!" त्यांनी सालदार गड्याला हाक मारली.

झिपरू धुळ्याकडचा, साक्रीच्या बाजूचा. तो वाकून पाहत राहिला, मग दोन पावले मागे सरला.

"आबा, हाऊ तोच किडा शे. बठ्ठा निवडुंग खायी ग्या. आते काय खाई?"

"तोंड सांभाळ."

"मी काय बोलनू? तोच इचारी राहिना," झिपरूने किड्याकडे बोट केले.

यशोदाबाई चुलीपुढून उठून आल्या. नवऱ्याचा लाल अंगठा आणि कंद पाहून काय झाले ते त्यांना विचारावे लागले नाही.

"सुमनकडचे?"

"याच ढिगातले."

"मंग आत्ताच्या आत्ता जा."

"साहेबाले विचारून जातो. उगाच बोभाटा कायले?"

"साहेबाची लेक नांदते का तिथी?"

यशोदाबाईंच्या बोलण्याला कारण होते. सुमनचे सासर यावलजवळ मोहरखेड्याला. लग्नाला तीन वर्षे झाली, मूलबाळ नाही, आणि सासू तिच्याशी कामापुरते बोलायची. केळीच्या बेण्याने ते बदलले होते. चुडामणांच्या घरी कंद विकत नसत; लेकीच्या घरी पहिली बाग लावायची तर बेणे बापाने द्यायचे. एरवी कंद लावण्याआधी मुळ्या छाटून, माती झाडून, कोयतीने सोलून घेतात. लेकीला दिलेल्या कंदांची मात्र माती झाडायची नाही. माहेरची माती झाडली तर बाग रुसते, असे या घरच्या बायका मानत. सुमनने सासरी हे सांगितले आणि सासूने, कधी नव्हे ते, तिचे ऐकले होते. कंद जसे गेले तसे, मातीसकट जमिनीत उतरले होते.

चुडामणांनी दमणी जुंपली. एक कंद कोरड्या पोत्यात बांधून बरोबर घेतला, मग वाटेत थांबून ते पोते दमणीच्या मागे, बैलांपासून लांब टांगले. तरी त्यांना सारखे मागे वळून पाहावेसे वाटत होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. वारा मागून बागांच्या अंगाला वाहत होता. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी पोते पुन्हा पुढे घेऊन मांडीखाली दाबून धरले.

मोहरखेड्याला व्याही शालिग्राम नाना ओट्यावरच होते.

"या या पाटील! लागवडीच्या घाईत लेकीची आठवन आली म्हनजे काम मोठं दिसते."

"नाना, काम वाईट आहे."

"बसा तं खरं. पानी घ्या."

चुडामणांनी पाणी घेतले नाही. उभ्या उभ्या सगळे सांगितले. फडे, गोणपाट, कापूस. शेवटी म्हणाले, "ते कंद उपटा लागतीन, नाना. जाळा लागतीन."

नाना हसले. मग हसायचे थांबले.

"लेकीले दिलेलं वापस घ्यायची रीत आहे काय तुमच्याकडे?"

"वापस नाही घेत. दुसरं बेनं देतो."

"त्याच्यावर तिसरा किडा राहीन. तुमचा साहेब म्हनते, हा फड्याबिगर खात नाही. तुम्ही म्हनता, केळ खाईन. मी कोनाचं ऐकू?"

"मले माहीत नाही तो काय खाईन. त्याचंच तं भेव आहे."

माजघरातून सासूबाईंचा आवाज आला. कोणाला उद्देशून तो होता ते सगळ्यांना कळले. "माती झाडू नका म्हने. आमी झाडत होतो बाप्पा, आमाले कोनी झाडू देलं नाही."

दाराआड सुमन उभी होती. बापाला पाहून ती पुढे आली नव्हती आणि आताही आली नाही.

सगळे मळ्यात गेले. कंदांना हिरव्या सुया फुटल्या होत्या. बाग सरळ, बिनतणाची, एखाद्या नव्या वहीसारखी दिसत होती. नाना एका ओळीतून, चुडामण दुसऱ्या ओळीतून वाकून चालले. पहिल्या ओळीत काही नव्हते. दुसरीत नव्हते. चुडामणांची छाती थोडी हलकी झाली. आपण उगाच धावलो, असे म्हणायला त्यांनी तोंडही उघडले.

"मामाजी," सुमन सासऱ्यांना म्हणाली. ती पाटाच्या कडेच्या ओळीत बसली होती. "इथी आहे."

तिने बापाकडे पाहिले नाही. बोट तेवढे दाखवले. कोंबाच्या बुडाशी मातीच्या ढेकळाला आणि सालीला चिकटून तीन पांढरे ठिपके होते. ती गप्प बसली असती तर कोणाच्या नजरेला पडले नसते.

नानांनी ठिपक्याकडे हात नेला. चुडामणांनी तो धरला.

"चिरडू नका. मी तीच चूक केली. साहेबाले जसा आहे तसा पाहायचा राहीन."

चुडामण रात्री तिथेच राहिले, आणि निरोप मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी खांबेटे सायकलवर मोहरखेड्याला आले. भिंगातून त्यांनी बराच वेळ पाहिले, एक ठिपका फोडून रंग पाहिला आणि चष्मा पुसला.

"रंगाने तोच," ते म्हणाले. "पण प्रश्न तो नाही. हा गोणपाटावरून गळून इथे पडला असेल तर उपाशी मरेल. सोंड रुतवून बसला असेल तर पिलं घालील. इथे, या भिंगाने ते मला सांगता येत नाही."

"तुम्हीच म्हनले होते, फक्त फड्या खातो," नाना म्हणाले.

"आजवर तसंच दिसलंय."

"आजवर म्हनजे काल पावतर?"

उरलेले दोन ठिपके सालीसकट कापून खांबेट्यांनी काचेच्या बाटलीत घातले आणि बाटली तपासणीसाठी पुण्याला धाडायची ठरवली. मग विचारले, "कंदांच्या गाडीबरोबर आलेले गोणपाट कुठे आहेत?"

नाना आठवू लागले. दोन गोठ्यात होते, ते तिथेच जाळले गेले. बाकीचे भावकीतल्या कोणी मिरचीची रोपे झाकायला नेले होते. ती रोपे शुक्रवारच्या यावलच्या बाजारात विकली गेली, गोणपाटासकट. घेणारा कोण, ते विकणाऱ्याला आठवत नव्हते.

नानांनी बाग उपटली नाही. पाटाच्या कडेची ओळ तेवढी चर खणून बाकी बागेपासून वेगळी केली. तिला पाणी वेगळे, खुरपे वेगळे, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस एकच: सुमन. घरात जाताना तिने लुगडे बदलायचे आणि बाकीच्या ओळींत पाऊल टाकायचे नाही. सासूने स्वयंपाकघरातही तिला तूर्त येऊ दिलेले नाही. "पाहून घेतो, मंग पाहू," एवढेच नाना चुडामणांना निघताना म्हणाले. काय पाहू, बाग की सून, ते विचारायचा धीर चुडामणांना झाला नाही.

घरी येऊन त्यांनी आपले उरलेले कंद गोणपाटांसकट जाळले. स्वतःच्या मळ्यात लावलेली ओळन् ओळ ते रोज सकाळी गुडघ्यांवर बसून पाहतात. अजून तिथे काही सापडलेले नाही.

पुढच्या बुधवारी संध्याकाळपर्यंत पुण्याहून निरोप आला नव्हता. मोहरखेड्याहून आलेल्या माणसाने सांगितले की चरापलीकडच्या चांगल्या ओळींतले एक रोप पिवळे पडले आहे. पाणी साचल्याने की दुसऱ्या कशाने, ते तिथे अजून कोणाला सांगता आलेले नाही.