उतरवलेला पियानो

पियानोवाल्या बाई तीनला येणार होत्या. बाबा दोनपासूनच कडक इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत उभे. ज्याच्या गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी लोक एकेकाळी ओळखीपाळखी काढत, तो माणूस परीक्षेला बसल्यासारखा घोट घोट कोमट पाणी पीत होता.

दोघांनी एकमेकांना आजवर फक्त रेकॉर्डवर ऐकलेलं. ही पहिलीच भेट, आणि वर्तमानपत्रांना तिचा वास लागू द्यायचा नाही असं दोन्हीकडून ठरलेलं. जमलं तर पुढच्या महिन्यात एकत्र कार्यक्रम, बाबांच्या दुखण्यानंतरचा पहिला. नाही जमलं तर चहा प्यायचा आणि विसरून जायचं.

मला मात्र ही भेट नकोच होती, कारण आमच्या घरातला पियानो खोटा होता.

पियानो लावणं हा माझा धंदा. गावात आणखी एक ट्यूनर आहे. त्याला मी बोळेवाला म्हणते, कारण त्याचं काम ऐकलं की वाटतं, कानांत बोळे घालून केलंय. माझ्या कामाला नावं ठेवायची कोणाची टाप नाही. बाबा तर स्वतःच्या रेकॉर्डसुद्धा ऐकायचे नाहीत. "माझे कान हिच्याकडे ठेवायला दिलेत," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. गाऊन झालं की माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की विषय संपला.

तीन वर्षांपूर्वी ते दुखण्यातून उठले आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यातला वरचा सूर लागेना. आठवडाभर झटले. मग पियानोचं झाकण लावून टाकलं आणि जेवणही सोडल्यातच जमा. मला ते बघवेना. ते फिरायला गेले की मी तारा पिळायची माझी चावी घेऊन बसायची आणि तारा किंचित ढिल्या करायची. असं कित्येक महिने. शेवटी अख्खा पियानो अर्ध्या सुरानं खाली आला, मी त्यांना पुन्हा गायला बसवलं आणि बाबांचा वरचा सूर 'लागला'. त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून वाढून घेतलं. सूर खरा की खोटा ते सांगणारा माझा नादकाटा मी कपाटात स्वेटरांखाली दडवला आणि मान हलवत राहिले.

बाईंना दारातच गाठून हे सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण बेल वाजायच्या आत बाबांनीच दार उघडलं.

"रेकॉर्डवर तुम्ही उंच वाटता," बाई म्हणाल्या.

"आवाज उंच आहे हो. मी असाच," बाबा म्हणाले आणि दोघंही हसले. मला हसू येईना.

चहा कपातच राहिला. बाई पियानोवर बसल्या, एक सूर वाजवला, थबकल्या आणि माझ्याकडे पाहिलं. बाबांच्या पाठीमागून मी मानेनंच नको नको म्हटलं. बाई समजल्या. बिचाऱ्यांनी मला सांभाळून घ्यायचं अगदी मनापासून ठरवलं असणार.

पण ऐकताक्षणी सूर ओळखणाऱ्या असल्या कानांची एक खोड असते. ते गाणं बाईंच्या डोक्यात लहानपणापासून रेकॉर्डच्याच सुरात बसलेलं. त्यांनी डोळे मिटले आणि हातांनी कानांचं ऐकलं. नकळत त्या एक पट्टी वर सरकून वाजवायला लागल्या, म्हणजे बरोबर मूळ सुरात. मला पहिल्या क्षणी कळलं, पण थांबवणार कशी? बाबांनी गायला सुरुवात केली होती.

वरच्या सुराला आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. एरवी त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं असतं. आज ते बाईंच्या बोटांकडे बघत होते.

"तुम्ही एक पट्टी वर वाजवताय."

चटका बसावा तसे बाईंनी हात उचलले. "चुकलं माझं. सवयीनं रेकॉर्डच्या सुरात गेले."

"रेकॉर्डच्या सुरात तर मी रोज गातो."

बाबा हळूहळू माझ्याकडे वळले. "नादकाटा आण."

मी आणला. त्यांनी तो गुडघ्यावर आपटून पियानोच्या लाकडावर टेकवला आणि त्याच सुराची पट्टी दाबली. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडत राहिले. ते पुरते विरेपर्यंत बाबांनी ऐकलं.

"कधीपासून?"

"दुखण्यानंतर. तुम्ही जेवत नव्हता, बाबा."

"वयाबरोबर सगळेच पट्टी उतरवतात," बाई घाईनं म्हणाल्या. "कार्यक्रमात मी खालून वाजवेन. त्यात काय एवढं?"

"काहीच नाही. मीच कितीजणांना सांगितलंय, उतरवा, लाज कसली." मग मला म्हणाले, "मलाही सांगायचंस. चार दिवस रडलो असतो, मग उतरवली असती."

खरंच इतकं सोपं होतं ते. मला त्यांचं सुख हवं होतं, यात खोटं नाही. पण मी मान हलवली की उजळणारा तो चेहराही मला हवा होता, हे त्या घटकेला कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

बाईंनी कानांना मुरड घातली आणि नेहमीच्या पट्ट्यांवरून पुन्हा सुरुवात केली. बाबा गायले, आणि फार सुरेख गायले. वरचा सूर अलगद लागला. गाणं संपल्यावर सवयीनं त्यांची नजर माझ्याकडे आली. मी मान हलवली. त्यांनी नजर काढून घेतली.

"लागला?" त्यांनी बाईंना विचारलं.

"लागला," बाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

कार्यक्रमाची तारीख ठरली. बाईंना फाटकापर्यंत सोडून बाबा परत आले.

"उद्या त्या बोळेवाल्याला बोलाव. पियानो परत वर न्यायचाय."

"मी नेते ना, बाबा."

"त्याला बोलाव. चांगला आहे ना?"

"चांगला आहे," मी म्हणाले. आणि आहेच तो चांगला.

मी फोन लावायला उठले. पियानोवरचा नादकाटा उचलायला हात पुढे केला, तर बाबांनी तो आधीच घेतला होता. रुमालानं पुसून त्यांनी तो आपल्या शर्टाच्या खिशात ठेवला.