कोसमटोल्याची वेस

चंद्रपूरचा परकोट ज्यानं पाहिला नाही, त्याला जाफरभाऊ माणसात धरत नसत. त्यांच्या घराण्यातले गवंडी चार पिढ्या त्या भिंतीची डागडुजी करत आले होते. गोंडपिपरीकडच्या कोसमटोल्यात वेशीच्या दुरुस्तीला आल्या दिवसापासून त्यांच्या तोंडी जटपुरा दरवाजा, बल्लारपूरचा किल्ला, भद्रावतीची लेणी, याखेरीज विषय नव्हता.

"त्यायच्यापुढं तुमची वेस म्हंजे घराची चौकट, कमळाबाई," ते म्हणत.

कमळा त्यांच्या हाताखाली चुना मळायची. तिला हे बोलणं झोंबायचं. "तुमच्या जटपुऱ्यातून आमच्या धानाची बैलबंडी गेली का कधी? मंग? ज्याची वेस त्याले मोठी!"

वेस झुकली होती म्हणून सगळी उतरवून तिचे एक्केचाळीस दगड चावडीपुढे ताडपत्रीखाली मांडले होते. कोणता दगड कुठं चढवायचा, त्याचा नंबर जाफरभाऊंनी प्रत्येकावर चुन्यानं टाकला होता. एवढं करून ते दसऱ्याआधी दोन दिवस घरी गेले.

दसऱ्याला सारं गाव वेशीतून निघून शिवेपार जातं. त्या दिवशी घरोघरी नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन पुजतात, आणि वेस मात्र धुळीत पडलेली! कमळाच्या जिवाला ते बघवेना. तिनं आळीतल्या बाया गोळा केल्या. नारळाच्या काथ्यानं एकेक दगड घासूनपुसून लख्ख केला, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. वेशीचं इतकं कौतुक कुणीच केलं नसेल, असं मनाशी म्हणत ती समाधानानं जेवली.

जाफरभाऊ परतले, ताडपत्री उचलली आणि एकेक दगड उलटून पाहू लागले.

"नंबर कुठी गेले?"

"धुतले आमी," कमळा कशीबशी म्हणाली. "सणाले देव मळका काऊन ठेवाचा?"

कामावरचे इंजिनियर अश्विन साहेब आले. वेस उतरवण्याआधीचे फोटो होते, पण लांबून काढलेले. त्यात सगळे दगड एकसारखे. साहेब रागावले नाहीत, तेच कमळाला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "सोमवारपर्यंत दगड जुळले नाहीत तर सिमेंटची कमान करू. दिसायला चांगली दिसेल."

बापजाद्यांची वेस आपल्या हातानं गेली! सकाळी ती पदर खोचून चावडीपुढे हजर झाली, आणि मागे त्याच साऱ्या बाया.

"ज्यायनं धुतले, त्याच ओळखतीन," ती म्हणाली.

कमानीचे दगड एका बाजूला निमुळते असतात. ते जाफरभाऊंनी मापावरून लावून टाकले. अडलं होतं ते दोन्ही खांबांच्या चौकोनी दगडांचं. बाया एकेक दगड हातानं चाचपू लागल्या. बंडीच्या आसानं खरवडलेले ते खालचे. एकाला तोरण बांधायची खुंटी होती, तो वरचा. एक म्हाताऱ्यांनी पाठ टेकून टेकून गुळगुळीत केलेला होता, तो चावडीकडचा. त्याबद्दल कुणाचंच दुमत झालं नाही. जाफरभाऊ कानामागची पेन्सिल हातात घेऊन नुसतं ऐकत होते. रविवारी दुपारी खांब कमरेपर्यंत चढले, आणि दोनच दगड ओळखायचे उरले. दोन्ही कमरेच्या उंचीला बसणारे, दोन्हींवर विळ्याच्या रेघा.

धानकापणीच्या पहिल्या दिवशी वेशीतून बाहेर पडताना प्रत्येक बाई खांबावर विळा तीनदा ओढते. त्याशिवाय कुणी शेतात पाय ठेवत नाही.

जाफरभाऊंनी खोल रेघांचा दगड डावीकडे नेला. "असंच ना?"

"नाई भाऊ! शेतात जाताना विळा उजव्या हाती, मंग रेघा उजवीकडंच पडतीन."

"आन् हा दुसरा? याच्यावर बी तर रेघा हायत."

कमळानं दुसऱ्या दगडाच्या बारीक रेघांवरून बोट फिरवलं, आणि तिचे डोळे भरून आले. "ह्या माह्या सासूच्या. ते एकलीच डावखुरी होती गावात. चाळीस सुग्या तिनं ह्या बाजूले विळा ओढला, आन् चाळीस सुग्या लोकं हासले तिच्यावर. घरी तिचा एक फोटो बी नाई, भाऊ."

जाफरभाऊंनी आपल्या हातानं तो दगड डावीकडे बसवला, ओळंबा लावून पाहिला, आणि मागे सरले. कमळानं घरून विळा आणला, डाव्या हातात धरला आणि त्या रेघेत ठेवला. तो तिथे बरोबर बसला. बायांनी टाळ्या वाजवल्या. कमळाची मान अशी ताठ झाली की दहा जटपुरे तिच्यापुढे ठेंगणे ठरावेत.

सोमवारी अश्विन साहेबांनी उभे राहिलेले खांब आणि ओळीनं लावलेले बाकीचे दगड निरखले आणि सिमेंटच्या कमानीचा कागद घडी घालून खिशात टाकला. पुढच्या वेळी अडचण नको म्हणून, दगडांच्या आतल्या अंगाला पक्क्या रंगानं नंबर टाका, असं त्यांनी सांगितलं.

जाफरभाऊंनी रंगाचा डबा झाकण न उघडताच परत पिशवीत ठेवला.

"कायले, साहेब?" ते म्हणाले. "चंद्रपूरचा परकोट बी इतका कोनाच्या ओळखीचा नाई. हे वेस इथल्या बायायले पाठ हाय."